धर्मशाळा, खाणावळ आणि हॉटेल : जेऊर स्थानकाच्या निमित्ताने

निवासव्यवसायाचे वर्गीकरण करताना आधुनिक ग्रंथ सामान्यतः इमारतीचे स्थान, खोल्यांची संख्या, सुखसोयींची प्रत आणि मुक्कामाची मुदत हे निकष मानतात. व्यापारी हॉटेल, विहारस्थळीचे हॉटेल, दीर्घ मुक्कामाचे निवासगृह, स्थानकानजीकचे लॉज हे भेद त्यांतूनच पडले आहेत. हे वर्गीकरण सोयीचे खरे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाला ते पुरे पडत नाही. उतारूस आश्रय कोणत्या नात्याने मिळे, हा येथील अधिक मूलगामी प्रश्न होय.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. पुणे-सोलापूर लोहमार्ग 1858 ते 1860 या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावरील जेऊर हे करमाळ्यास जाणाऱ्याचे उतरण्याचे ठिकाण. आगगाडीने अशा स्थानकांवर एक नवाच मनुष्य आणून सोडला. तो गावचा पाहुणा नव्हता, यात्रेकरू असेलच असे नव्हते, आणि पुढची वाट बैलगाडीची होती.

अशा मनुष्यासाठी पूर्वापार व्यवस्था तीन नात्यांच्या होत्या. धर्माचे नाते धर्मशाळा, मठ व अन्नछत्र यांत दिसते. तेथे दात्याला पुण्य व उतारूला निवारा लाभे. ओळखीचे नाते आप्त, जातभाई किंवा तीर्थोपाध्याय यांच्या घरी चाले. पंढरपुरातील यात्रेकरूंची सोय बव्हंशी याच रीतीने होई. अधिकाराचे नाते इंग्रजी अमलातील मुसाफिर बंगल्यात आढळते. तेथे पहिला मान सरकारी अंमलदाराचा. मोलाचे नाते खाणावळ, लॉज व हॉटेल यांनी रूढ केले. मुंबईत वॉटसन हॉटेल 1871 मध्ये व ताजमहाल 1903 मध्ये सुरू झाले. मराठीत मात्र ‘हॉटेल’ म्हणजे मुख्यतः चहा-फराळाचे दुकान. निवारा धर्माने वा ओळखीने मिळे, आणि परक्या गावी प्रथम विकत घ्यावे लागे ते अन्न, हे त्याचे एक कारण असावे.

मोलाचे नाते तरी सर्वांना समान होते काय? 1901 मध्ये बालवयातील भीमराव आंबेडकर भावंडांसह वडिलांना भेटण्यास निघाले आणि सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरले. त्यांना नेण्यास कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवाले नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकावयाची आणि गाडीवानाने पायी चालावयाचे. जवळ शिधा असूनही पाण्यावाचून त्यांना रात्र उपाशी काढावी लागली. पुढे 1917 मध्ये, परदेशात उच्च शिक्षण घेऊन आल्यावरही, बडोद्यात त्यांना पारशी नाव धारण करून पारशी वसतिगृहात राहावे लागले, आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. पैसा होता, खोलीही होती, प्रवेश नव्हता.

या उणिवेला दोन बाजूंनी उत्तर मिळाले. गाडगे महाराजांनी धर्माच्याच नात्याचा विस्तार केला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उभारली व 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. दुसरे उत्तर कायद्याचे. 1950 मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशास जातीचा अडसर निषिद्ध ठरविला. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने हॉटेलाच्या जोडीस धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचाही स्पष्ट उल्लेख केला.

ज्या संस्था इतिहासाने निरनिराळ्या नात्यांवर उभ्या केल्या, त्यांना कायद्याने एका ओळीत आणले. धर्म, ओळख, अधिकार व मोल यांच्या जागी नागरिकत्व हे पाचवे नाते आले. म्हणून जेऊरसारख्या स्थानकाजवळचे साधे लॉज अभ्यासताना खाटा आणि दर यांची नोंद पुरेशी नाही. त्याच्या दारातून पूर्वी कोणास परत जावे लागले असते, हेही विचारले पाहिजे.