हजामतीत हुकूम कोणाचा?

सांगितलं एक आणि कापलं भलतंच, ही तक्रार केस कापणाऱ्याच्या हट्टाची मानली जाते. तिचं मूळ जुन्या गावगाड्यात आहे. भंडाऱ्यासारखा धानाचा जिल्हा ज्यात मोडत होता त्या तेव्हाच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. गावच्या न्हाव्याला धान्यरूपाने मोबदला मिळे, हे त्यात नोंदलं आहे. मोबदला वर्षाचा आणि शेंडी, घेरा, सुतकातलं मुंडण रूढीने ठरलेलं. तिथे गिऱ्हाईकाच्या आवडीला वाव नव्हता, तसा कारागिराच्या इच्छेलाही नव्हता.

दलितांचे केस कापायला न्हावी नकार देतच होते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे आणि तो अन्याय क्षम्य नाही. पण त्या नकारामागे जातीच्या उतरंडीचा हुकूम होता. उलट १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन नाकारलं, तेव्हा विवेक बोलला. पुढे रोखीच्या दुकानाने गिऱ्हाईकालाही निवड दिली. म्हणून आज आपलं म्हणणं कात्री चालण्याआधी स्पष्ट सांगावं आणि कारागिराचंही ऐकावं. दोघांनाही हा आवाज उशिराच मिळाला आहे.