अण्णासाहेबांची पायपीट आणि आपला वॉकेथॉन

गेल्या वसंतात गावाकडच्या एका शाळेच्या ग्रंथालयासाठी आपण मंडळींनी वॉकेथॉन केला. माझ्या प्रायोजकांत एक शाळकरी मुलगी होती. मैलामागे पन्नास सेंट लिहून देताना तिने विचारले, "आजोबा, पुस्तकंच हवीत ना? मग सरळ चेक का नाही देत? चालायचं कशाला?" प्रश्न चोख होता. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. उत्तर आता देतो.

मैलामागे पैसे ही चाल इकडची. १९६७ साली कॅनडात 'माइल्स फॉर मिलियन्स' नावाचे मोर्चे निघाले. १९६९च्या ऑक्टोबरात नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावी हजारेक माणसे भुकेल्यांसाठी चालली, आणि पुढच्याच वर्षी 'मार्च ऑफ डाइम्स'ने सॅन अँटोनियो व कोलंबस इथे असेच चालणे सुरू केले. आपल्याकडे वारी शतकानुशतके चालते, पण पावलामागे पैसे मोजायचे कुणाला सुचले नाही.

तरी शाळेसाठी झिजलेली पावले आपल्याही इतिहासात आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला शंभर मैलांहून अधिक चालत गेले. पावसाळ्यात, घाट चढून. तिथे पोचल्यावर 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परीक्षेला बसू दिले नाही! सतरा पुरी झाली होती. अंगकाठी तेवढी लहान.

पुढे मुंबईत शिकवताना त्यांनी मुरुड फंड काढला. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्यांनी कमाईतला लहानसा वाटा गावासाठी द्यावा, ही त्यामागची कल्पना. कोकण सोडून मुंबईला गेलेले ते, मुंबई-पुणे सोडून न्यू जर्सीला आलेले आपण. बोटीऐवजी विमान, एवढाच फरक. १८९३ साली अण्णासाहेबांनी एका विधवेशी लग्न केले आणि त्याच मुरुडने त्यांना वाळीत टाकले. हे वाचताना मी दरवेळी थांबतो. ज्या गावासाठी हात पसरले, त्या गावाने दार लावले. त्यांनी मात्र वर्गण्या मागणे सोडले नाही, फक्त काम वाढवले.

१९०० साली विधवांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवायचे, मग हिंगण्याची वाट धरायची, तिथल्या मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पुण्याला. पावसाळ्यात वाटेवर नुसता चिखल. या चालण्याला प्रायोजक नव्हता. टांग्याचे पैसे वाचत होते, एवढेच. पण देणगी मागायला येणारा माणूस चिखलाच्या पायांनी येतो, हे पुणेकर पाहत होते. मला वाटते, त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे. चेक देणाऱ्याला मागणारा दिसावा लागतो.

आणखी एक गोष्ट, खास इथे वाढलेल्या वाचकांसाठी. १९२९-३०मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, अण्णासाहेब तुमच्या या अमेरिकेतही येऊन गेले. गावोगाव व्याख्याने दिली, हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणाबद्दल सांगितले. त्यानंतर पंधरा महिने आफ्रिका. आणि १९३६ साली, ज्या वयात आम्ही पार्किंग दाराजवळ शोधतो त्या वयात, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवे मंडळ स्थापून पुन्हा वर्गणीच्या मागे लागले. खेड्यातल्या प्रौढांची वाचनाची सवय टिकावी, याचीही काळजी त्यांनी वाहिली. शाळा सुटली की अक्षरेही सुटतात, हे त्यांनी ओळखले होते. आपण ज्या शाळेला पुस्तके पाठवतो आहोत, तिचे दुखणे वेगळे नाही.

राहिला माझा हिशेब. पाच मैलांचा मार्ग होता. दोन मैलांवर गुडघ्याने मान टाकली आणि मी बाकावर बसलो. त्या मुलीने रीतसर एक डॉलर आणून दिला. उरलेला दीड डॉलर हवा असेल तर पुढच्या वसंतात तीन मैल चाला, असे बजावले आहे. सध्या रोज संध्याकाळी तळ्याभोवती एक फेरी मारतो.