स्टालिनचे सोयरे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्टालिनची एक गोष्ट आपल्याकडे फार आवडीनं सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात त्याचा थोरला मुलगा याकोव्ह जर्मनांच्या हाती सापडला. पुढे स्टालिनग्राडला फील्ड मार्शल पाउलुस रशियनांच्या कैदेत आला, तेव्हा जर्मनांकडून अदलाबदलीचा प्रस्ताव आला. स्टालिननं तो धुडकावला. एका साध्या सैनिकाच्या बदल्यात मी मार्शल देत नसतो, असं तो म्हणाला म्हणे. आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक ही गोष्ट इतकी रंगवून सांगत की वर्गात टाळ्या पडत. टाळ्या थांबल्या की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, ‘नाही तर आपले पुढारी बघा!’

मंत्र्यांच्या भाच्यापुतण्यांनी गांजलेल्या माणसाला ही गोष्ट आवडणारच. ते वाक्य स्टालिन नेमकं तसंच बोलला का, हा वेगळा प्रश्न. पण अदलाबदलीला त्यानं नकार दिला, हे त्याच्या मुलीनंही लिहून ठेवलं आहे. तेव्हा गोष्ट अगदीच हवेतली नाही. माझी तक्रार एवढीच, की ती मधूनच सुरू होते आणि मधेच संपते.

याकोव्ह पकडला गेला जुलै १९४१ मध्ये. ऑगस्टमध्ये स्टालिनच्या सहीनं २७० क्रमांकाचा हुकूम निघाला. शरण जाणारा अधिकारी हा देशद्रोही आणि त्याच्या कुटुंबीयांना अटक करावी, असा त्याचा आशय होता. त्या धोरणाप्रमाणे याकोव्हची बायको यूलिया, म्हणजे स्टालिनची सख्खी सून, तुरुंगात गेली. तिची मुलगी गालिना तेव्हा तीन वर्षांची होती. ती आत्याकडे राहिली आणि आई सुमारे दीड वर्ष कोठडीत. दुसरीकडे धाकटा मुलगा वासिली. तो वैमानिक खरा, पण पक्का दारुडा. त्याला पंचविशीच्या आत मेजर जनरल करून टाकलं आणि १९४८ मध्ये मॉस्को लष्करी विभागाचं हवाई दल त्याच्या हाती दिलं. आता यात निःस्पृहता कुठे शोधायची?

मला वाटतं, नातेवाइकांवर मेहेरबानी की त्यांच्यावर कठोरपणा, असा हा प्रश्नच नाही. स्टालिनला नातलगांची अडचण वेगळ्याच कारणानं होती. हा माणूस आधी कोण होता, हे त्यांना आठवत होतं.

तो होता जॉर्जियातल्या गोरी गावचा सोसो जुगाश्विली. बाप चांभारकाम करायचा आणि दारू प्यायचा. आई केके लोकांचे कपडे धुऊन, शिवून संसार ओढायची. मुलानं धर्मोपदेशक व्हावं ही तिची इच्छा. मुलगा देशाचा सर्वेसर्वा झाला तरी तिची ती हळहळ गेली नव्हती, असं सांगतात. ती तिफ्लिसमध्ये जुन्या व्हाइसरॉयच्या प्रासादातल्या एका लहानशा खोलीत राहायची. १९३७ मध्ये ती गेली, तेव्हा स्टालिननं पुष्पचक्र पाठवलं, तो स्वतः गेला नाही.

१९०६ साली त्यानं काटो स्वानिद्झे हिच्याशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी ती आजारानं वारली. तेव्हा याकोव्ह काही महिन्यांचा होता. त्याला मावश्यांच्या ओटीत टाकून बाप क्रांतीच्या कामाला गेला. मुलानं बापाचं घर पाहिलं ते थेट १९२१ मध्ये, चौदाव्या वर्षी.

दुसरं लग्न १९१९ चं. नादेझ्दा अलिलुयेवा त्याच्याहून बावीस-तेवीस वर्षांनी लहान. तिचे वडील सेर्गेई जुने क्रांतिकारक होते. १९१७ मध्ये लेनिन लपला होता तो यांच्याच पेट्रोग्राडमधल्या घरात आणि स्टालिनही तिथेच उतरायचा. या घरामुळे त्याला सासुरवाड मिळाली. क्रेमलिनमधल्या घरी आणि शहराबाहेरच्या झुबालोव्होच्या बंगल्यावर या मंडळींचा राबता असे. पहिल्या बायकोचा भाऊ अल्योशा स्वानिद्झे आणि त्याची गाणारी बायको मारिया. दुसऱ्या बायकोचा भाऊ पावेल, त्याची बायको येव्हगेनिया, बहीण आना आणि तिचा नवरा रेडेन्स, म्हणजे स्टालिनचा साडू. हा साडू गुप्त पोलिसांत बडा अधिकारी होता. मेहुणा, साडू, मामी, मावशी अशी सगळी नाती त्या टेबलाभोवती होती.

आठ नोव्हेंबर १९३२ च्या रात्री व्होरोशिलोव्हच्या घरी क्रांतीच्या पंधराव्या वर्धापनदिनाची मेजवानी होती. तिथे नवरा-बायकोत खटका उडाला. नादेझ्दा उठून घरी गेली आणि पावेलनं बर्लिनहून आणून दिलेल्या छोट्या पिस्तुलानं तिनं स्वतःला गोळी घातली. ती एकतीस वर्षांची होती. वर्तमानपत्रांत फक्त निधनाची बातमी आली. मुलांना अपेंडिक्सचं दुखणं सांगितलं. मुलगी स्वेतलाना तेव्हा सहा वर्षांची. खरं काय ते तिला सोळाव्या वर्षी कळलं, तेही एका इंग्रजी मासिकातून. आईचा मृत्यू कसा झाला हे परदेशातल्या वाचकाला माहीत आणि घरातल्या मुलीला नाही, ही त्या राजवटीची तऱ्हा!

नादेझ्दानंतर काही वर्षं हेच सोयरे स्टालिनचा आधार होते. अल्योशाची बायको मारिया रोजनिशी लिहायची. १९३५ च्या वसंतातली तिची एक नोंद मजेशीर आहे. मॉस्कोची मेट्रो अजून लोकांसाठी खुली व्हायची होती. मुलांना ती बघायची होती, म्हणून घरची मंडळी निघाली आणि स्टालिनही अचानक त्यांच्याबरोबर चालू लागला. स्वेतलानाशी त्याचा एक खेळ चाले. ती घरची मालकीण आणि तो तिचा सेक्रेटरी. ती चिठ्ठीवर हुकूम लिहायची, मला सिनेमाला घेऊन जा, आणि तो खाली ‘आज्ञा मान्य’ असं लिहून सही करायचा. त्याच हातानं त्याच काळात माणसांच्या याद्यांवरही सह्या होत होत्या. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. १९३७-३८ मध्ये मृत्युदंडासाठी आलेल्या नावांच्या याद्या त्याच्या सहीसह अभिलेखागारात आहेत.

मग पाळी घरच्यांची आली. अल्योशा आणि मारिया १९३७ मध्ये पकडले गेले. अल्योशाला ऑगस्ट १९४१ मध्ये गोळी घातली. क्षमा मागितलीस तर सुटशील, असा निरोप त्याला दिला गेला होता. गुन्हाच केला नाही तर क्षमा कशाची, असं तो म्हणाला. ही हकीकत ख्रुश्चेव्हनं १९६१ साली पक्षाच्या अधिवेशनात सांगितली. पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, मारिया आणि अल्योशाची बहीण मारिको यांनाही ठार मारलं. मारियाची रोजनिशी मात्र वाचली. ती स्टालिनच्याच खासगी कागदपत्रांत होती आणि सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर छापली गेली. रोजनिशी जपून ठेवायची आणि लिहिणारीला मारायचं! या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. नुसत्या क्रूरपणानं तिचा उलगडा होत नाही.

साडू रेडेन्सनं स्वतः असंख्य लोकांना वधस्तंभाकडे पाठवलं होतं. त्याला १९३८ मध्ये अटक झाली आणि १९४० मध्ये गोळी घातली गेली. त्याच्याविषयी मला हळहळ वाटत नाही. पावेल १९३८ मध्येच कचेरीत हृदयविकारानं गेला. राहता राहिल्या दोघी, मावशी आना आणि मामी येव्हगेनिया. आनानं १९४६ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं. क्रांतीच्या दिवसांतलं आपलं घर आणि तिथे येणारा तरुण स्टालिन, असा साधा भाबडा मजकूर. वर्षभरात ‘प्रावदा’नं त्यावर कोरडे ओढले. डिसेंबर १९४७ मध्ये मामीला आणि लगोलग जानेवारीत मावशीला अटक झाली. मामीवर तर तिनंच नवऱ्याला विष घातल्याचा आरोप. स्वेतलानानं बापाला विचारलं, त्यांनी केलं तरी काय? त्या फार बोलत होत्या आणि त्यांना फार माहीत होतं, असं उत्तर आलं. १९५४ मध्ये, म्हणजे तो मेल्यावर वर्षानं, दोघी सुटल्या. आनाच्या मनाचा तोल तोवर ढळला होता. तो पुन्हा सावरला नाही.

स्टालिनचा मानलेला मुलगा आर्त्योम सेर्गेयेव्ह यानं एक प्रसंग सांगितला आहे. वासिलीनं आडनावाचा तोरा मिरवला म्हणून बाप संतापला. मुलगा म्हणाला, मीही स्टालिनच आहे. त्यावर बाप म्हणाला, नाही, तू स्टालिन नाहीस आणि मीसुद्धा नाही. वर्तमानपत्रांत आणि तसबिरींत जो असतो तो स्टालिन.

हा प्रसंग ऐकला की बाकीच्या गोष्टींचा अर्थ लागतो. तसबिरीला मेहुणा नसतो. तसबिरीची बायको रात्री रागावून घरी जात नाही. सोसोला ओळखणारं, त्याला एकेरीत हाक मारणारं प्रत्येक माणूस त्या तसबिरीवरचा ओरखडा होतं.

याकोव्हचा शेवट १४ एप्रिल १९४३ रोजी साक्सेनहाउसेनच्या छावणीत झाला. तो विजेच्या कुंपणाकडे धावला आणि पहारेकऱ्यानं गोळी झाडली. वासिलीचं वैभव बापाबरोबर संपलं. एप्रिल १९५३ मध्ये त्याला अटक झाली आणि व्लादिमिरच्या तुरुंगात तो ‘वासिल्येव्ह’ या नावानं राहिला. १९६२ मध्ये कझानला, दारूनं पोखरलेल्या अवस्थेत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो वारला.

राहिली स्वेतलाना, आणि इथे या कथेत आपला देश येतो. १९६३ मध्ये मॉस्कोजवळच्या कुंत्सेव्होच्या रुग्णालयात तिची एका भारतीय रुग्णाशी ओळख झाली. ब्रजेश सिंग हे उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातले, जुने कम्युनिस्ट आणि फुप्फुसाच्या विकारानं जर्जर. पुढे ते अनुवादक म्हणून पुन्हा मॉस्कोला गेले. दोघांना लग्न करायचं होतं. पंतप्रधान कोसिगिन यांनी परवानगी नाकारली. ३१ ऑक्टोबर १९६६ रोजी ब्रजेश सिंग गेले. त्यांच्या अस्थी गंगेला नेण्याची परवानगी मात्र मिळाली आणि डिसेंबरात स्टालिनची मुलगी अस्थिकलश घेऊन दिल्लीला उतरली.

कालाकांकर हे गंगाकाठचं गाव. तिथे ती दोन महिन्यांहून अधिक राहिली आणि तिला तिथेच राहावंसं वाटू लागलं. ब्रजेश सिंगांचे पुतणे दिनेश सिंग तेव्हा परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री होते. परराष्ट्रमंत्री होते आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. पण मॉस्कोला दुखवून तिला ठेवून घेण्याची दिल्लीची तयारी नव्हती. ताश्कंद करार होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सरकारची अडचण मी समजू शकतो. तरीही अस्थी घेऊन आलेल्या बाईला परत जा म्हणणं आपल्याला शोभलं का, हा प्रश्न राहतोच.

६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी ती टॅक्सी करून अमेरिकी वकिलातीत गेली आणि त्याच रात्रीच्या विमानानं रोमकडे निघाली. जवळच्या सामानात एक हस्तलिखित होतं. १९६३ मध्ये तिनं पत्रांच्या रूपात आपल्या घराची कहाणी लिहून काढली होती. ती वही मॉस्कोतले भारताचे राजदूत टी. एन. कौल यांच्या हस्ते तिच्याआधीच भारतात पोचली होती. मावशीला ज्या गुन्ह्यासाठी कोठडी मिळाली तोच गुन्हा भाचीनं केला, आणि तो त्याच वर्षी पुस्तकरूपानं जगभर गेला. मॉस्कोत तिची दोन मुलं मागे राहिली. एक एकवीस वर्षांचा, दुसरी सोळा वर्षांची. या ताटातुटीची भरपाई पुढे कधी झाली नाही. तिनं पैसे दिले आणि कालाकांकरला ब्रजेश सिंगांच्या नावानं रुग्णालय उभं राहिलं. ती स्वतः लाना पीटर्स या नावानं, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वयाच्या ८५ व्या वर्षी वारली.

नातवंडांचं थोडक्यात सांगतो. स्वतःला याकोव्हचा मुलगा म्हणवणारे येव्हगेनी जुगाश्विली यांनी २००९ मध्ये आजोबांची बदनामी केली म्हणून एका रशियन वृत्तपत्राला कोर्टात खेचलं आणि ते हरले. वासिलीचे चिरंजीव अलेक्सांद्र यांनी नाटकाचा रस्ता धरला. मॉस्कोच्या लष्करी नाट्यगृहात त्यांनी आयुष्यभर नाटकं बसवली. २०१७ मध्ये ते गेले, तेव्हाही त्यांच्या नावापुढे आईचं आडनाव होतं, बुर्दोन्स्की.