मोतीबिंदू, औषधे आणि मुंबईतील रुग्णशय्या

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा सुई, सुरी आणि कृत्रिम भिंग यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. शस्त्रक्रियेआधीच्या व नंतरच्या औषधांनी रुग्णाचे अंथरुणाला खिळणे कसे संपवले, हे त्यात मागे पडते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात गढूळ भिंग सुईने ढकलण्याआधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेलातुपाने शरीर स्निग्ध करून शेकणे, सांगितले आहे, आणि नंतर डोळ्यावर तुपाची पट्टी बांधून शिंक, खोकला व ढेकर आवरण्याची ताकीद दिली आहे.

भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाच्या आवारात १८६० च्या दशकात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून नेत्ररुग्णालय उभे राहिले, तेव्हाही ही ताकीद कालबाह्य झाली नव्हती, कारण जखमेला टाके घालण्याची रीत रुळलेली नव्हती आणि क्लोरोफॉर्मची भूल उतरताना होणारी उलटी जखम उघडण्यास पुरेशी असे. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवल्यावर रुग्ण शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया होऊ लागली. बाहुली विस्फारण्यासाठी ॲट्रोपीन वापरले जाई, ज्याची सख्खी भावंडे रस्त्याकडेच्या धोतऱ्यातही आढळतात.

तरीही डोळ्यावर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून कित्येक दिवस उताणे पडून राहणे चुकत नसे. परळला १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले, तेव्हा भोवतालच्या गिरणगावात, हजेरीच्या दिवसाचीच मजुरी मिळणाऱ्या बदली कामगाराला, ही सक्तीची विश्रांती आजाराइतकीच महाग पडणारी होती.

१९५० नंतर दाह शमवणारी स्टेरॉइडे आणि जंतुसंसर्ग रोखणारी प्रतिजैविके थेंबांच्या रूपात मिळू लागली. पुढे छेद लहान झाला, रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला आणि परिचारिकेचे काम चाळीतल्या सुनेकडे वा नातवाकडे आले. स्टेरॉइड एकदम थांबवल्यास दाह उसळू शकतो आणि लांबवल्यास काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो, म्हणून त्याचे थेंब आठवड्यागणिक कमी करतात. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात घातले जाणारे पोव्हिडोन-आयोडीन, हे स्वस्त जंतुनाशक, मात्र या कथेत फारसे नावाजले जात नाही.

शरीराच्या दुसऱ्या टोकाच्या औषधाचा संबंध तर २००५ मध्ये उजेडात आला: प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनने बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत शिथिल होऊन फडफडतो, आणि गोळी काही दिवस आधी बंद करूनही हा धोका पुरता टळत नाही, त्यामुळे नेत्रतज्ज्ञ आता वृद्ध पुरुषांकडे लघवीच्या गोळ्यांची चौकशी करतात.