काट्यावरचं वजन आणि गरोदर बाईचं मन

गरोदरपणाची नोंदणी करायला गेलात की आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिला जातो. तो त्या दिवसाचा असतो, म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातला. दिवस राहण्याआधी तुमचं वजन किती होतं, आणि सध्या मन कसं आहे, हे दोन प्रश्न बरेचदा राहून जातात. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार उशिरा उमगलं.

आपल्याकडे गरोदर बाईच्या मनाचा विचार नव्हता असं नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत गर्भिणीला दोन हृदयांची मानलं आहे, म्हणून तिची इच्छा मोडू नये असं सांगितलं आहे. 'डोहाळे' हा शब्द त्याच कल्पनेतून आला. पण आपण त्यातलं ओटीभरण आणि हिरवी साडी ठेवली, तिला काय वाटतं हे विचारणं मात्र मागे पडलं. शिवाय 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल' असं सांगून ताटातली भाकरी कमी करणारी घरं आजही आहेत.

वजनाचा इतिहास वेगळ्याच वाटेने गेला. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचं सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसल कीज यांनी दिलं. याच कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. त्याबरोबर ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. डोक्यात दिवसभर फक्त अन्नाचे विचार. ते पुरुष होते, त्यामुळे गरोदरपणाला हा प्रयोग जसाच्या तसा लावता येत नाही. पण उपाशी शरीरात मन आनंदी राहत नाही, एवढं त्यातून दिसलं.

आता आपल्या राज्यात या. १९९० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास केला. त्याचं वैशिष्ट्य असं की बायकांचं वजन दिवस राहण्याआधीच मोजलं होतं. सरासरी भरली जेमतेम ४२ किलो! बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. आईच्या मनःस्थितीचा शोध हा मात्र त्या अभ्यासाचा विषय नव्हता.

तो शोध गोव्यात लागला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बायकांना गरोदरपणापासून पुढे तपासत नेलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले: बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या ७८ टक्के जणींचा मानसिक त्रास पोटात बाळ असतानाच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आधी मुलगी असताना पुन्हा मुलगी होणं ही कारणं पुढे आली. नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांचं वजनही सहा महिन्यांनी मागे पडलेलं दिसलं.

वजन आणि मन हे दोन धागे २०१४ मध्ये एकत्र आले. अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, गरोदरपणाआधी लठ्ठ असलेल्या बायकांपैकी सुमारे ३३ टक्के जणींत गरोदरपणात नैराश्याची लक्षणं आढळली. योग्य वजनाच्या बायकांत हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. लठ्ठपणामुळेच नैराश्य आलं असा याचा अर्थ नाही. आधीचं नैराश्यही वजन वाढवतं, थायरॉइड दोन्ही बिघडवू शकतो, आणि 'केवढी सुटलीस गं' हे टोमणे वेगळेच. कमी वजनाबाबत पुरावे एकसारखे नाहीत, कारण तिथे भूक, रक्तक्षय आणि गरिबी यांची सरमिसळ असते.

खान्देशात ही दोन्ही टोकं भेटतात. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर भागातल्या पाड्यांवर चाळीस किलोची गरोदर बाई नवलाची नाही. जळगाव-धुळे शहरांत पंचाहत्तर किलोचीही नाही. १५० सेंटिमीटर उंचीला ४१ किलो म्हणजे बीएमआय १८.२, कमी. त्याच उंचीला ५८ किलो म्हणजे २५.८, भारतीय निकषांनुसार लठ्ठ. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं, अंगणवाडीत विचारा.

पुढच्या तपासणीला दिवस राहण्याआधीचं वजन आठवून सांगा, लग्नात किंवा आजारपणात मोजलेलं असलं तरी चालेल. गरोदरपणात वजन कमी करायचं डाएट स्वतःहून सुरू करू नका. आणि 'करमत नाही', 'सारखं रडू येतं', 'कशातच जीव लागत नाही' असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तेही डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा. स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका: त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.