छोटं धरण नक्की कुणाचं?

धरणांवर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक जण कोयनेकडे वळतात. कुंडल भागातल्या विद्यार्थ्याला मात्र त्याहून जवळ, येरळा नदीवर, चांगला विषय मिळेल: खानापूर तालुक्यातलं बलवडीचं बळीराजा स्मृती धरण.

हे धरण सरकारने नाही, लोकांनी बांधलं. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवणारा थरच जातो आणि काठच्या विहिरी आटतात. चळवळीचं म्हणणं साधं होतं: थोडी वाळू गावानेच विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याची मदत मिळाली, श्रमदान झालं, आणि बलवडी व तांदुळवाडीसाठी धरण उभं राहिलं. पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क, हे त्यामागचं तत्त्व.

बांधण्याच्या या लढ्यावर लिहिलं गेलं आहे. पण धरण बांधून झाल्यावरचा इतिहास, म्हणजे देखभालीचा, सहसा कुणी लिहीत नाही. तो का लिहायला हवा, हे अमेरिकेतल्या एका जुन्या उदाहरणावरून कळतं.

पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी साउथ फोर्क इथे मातीचं धरण बांधलं. ते 1853 मध्ये पुरं झालं. तेवढ्यात रेल्वे आली, कालवा निकामी ठरला आणि धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळातले लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. त्यामुळे तलाव रिकामा करायची सोयच उरली नाही. 1879 मध्ये ते श्रीमंतांच्या मासेमारी क्लबकडे गेलं. क्लबने वरून घोडागाडी जावी म्हणून धरणाचा माथा खाली उतरवला, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 ला मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून वाहू लागलं. मातीच्या धरणाला हे सोसत नाही. खालच्या उताराची माती धुपत जाते आणि खिंडार पडतं. जॉन्सटाउन आणि आसपासची 2,209 माणसं गेली.

आपल्याकडे 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरहून उंच धरणं येतात, 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर. त्याहून लहान बांध या कायद्याच्या बाहेर राहतात.

म्हणून विषय निवडताना आपल्या गावचा एखादा जुना बांध घ्या आणि चार गोष्टी शोधा. तो कशासाठी बांधला? वापर कधी बदलला? मालक कोण कोण झाले? शेवटची दुरुस्ती कुणाच्या पैशाने झाली? ग्रामपंचायतीचे ठराव आणि बिलं बघा, पण त्याआधी माणसांना भेटा. बलवडीत राबलेली पिढी आता म्हातारी झाली आहे. कागद आणखी दहा वर्षांनीही मिळेल, ती माणसं मिळतीलच असं नाही.