कोऱ्या कापडाचा रंग

 भिवंडीच्या अंजूरफाट्याच्या परिसरात यंत्रमागांचा खडखडाट असतो. इथल्या मागांवरून उतरणारं बहुतेक कापड कोरं असतं. वीण इथे पक्की होते, रंग पुढे रंगाई-छपाईत चढतो. एकाच ताग्यातलं अर्धं कापड निळं होईल, अर्धं तांबडं. विणतानाच रंग ठरवून टाकला आणि बाजारात तो रंग चालला नाही, तर माल पडून राहतो. रंग असा मागाहून ठरवण्याची रीत व्हिडिओ गेममध्येही आहे. तिथे खेळ चालू असतानाच पात्राचा रंग पालटण्याची युक्ती मेमरीच्या टंचाईतून निघाली, असं सांगितलं जातं. ते खरं असलं तरी अपुरं आहे. आकार आणि रंग वेगळे ठेवायचे आणि रंगाचा निर्णय जमेल तितका लांबवायचा, ही समज कापडाच्या धंद्याला त्याआधी कितीतरी वर्षं होती.

निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमवर पात्राच्या चित्रात रंग नसतोच. प्रत्येक ठिपक्यापाशी ० ते ३ यांपैकी एक आकडा असतो: ० म्हणजे पारदर्शक, बाकीचे तीन कोणते रंग दाखवणार ते शेजारचा छोटा तक्ता ठरवतो. आठ बाय आठ ठिपक्यांचा तुकडा त्यामुळे अवघ्या १६ बाइटमध्ये मावतो. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं, एकदा हिरवं. मारिओने आगीचं फूल घेतलं की त्याचे कपडे बदलतात ते तक्त्यातले रंग बदलल्यामुळे. आकृती तीच राहते. आजच्या गेम बनवायच्या साधनांतही चित्रात आकडे ठेवून रंग वेगळ्या पट्टीतून उचलता येतात. हे डिजिटल कोरं कापडच.

यावर कुणी म्हणेल, कापड एकदा रंगलं की रंगलं, गेममधला रंग क्षणात फिरतो. आक्षेप रास्त आहे, पण तो फक्त कोऱ्या कापडाला लागू पडतो. रंगीत धाग्यांनी विणणाऱ्या मागाची गोष्ट वेगळी. जॉन के याने १७३३ मध्ये धावता धोटा काढला आणि त्याचा मुलगा रॉबर्ट याने १७६० मध्ये धोट्यांचा वर-खाली सरकणारा डबा. चार खणांच्या डब्यात चार रंगांच्या कांड्या भरलेले चार धोटे बसतात. डबा सरकला की दुसरा धोटा समोर येतो आणि माग चालू असतानाच आडव्या धाग्याचा रंग बदलतो. गेम बनवणारे मागावर शिकले नव्हते, हेही कबूल. जकार्डच्या १८०४ च्या मागावरच्या भोकांच्या पट्ट्यांवरून चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला तशाच पट्ट्यांनी सूचना देण्याची कल्पना सुचली, एवढा धागा इतिहासात सापडतो; रंगाच्या तक्त्यापर्यंत तो पोचत नाही. माझा दावा वंशावळीचा नाही. अडचण सारखी असली की तोडगाही सारखा निघतो, आणि त्याच्या मर्यादासुद्धा. डबा एकाच बाजूला असेल तर धोट्याला जाऊन परत यावंच लागतं, म्हणून अशा मागावर प्रत्येक रंगाचे धागे दोन, चार, सहा असे सम संख्येतच पडतात. फॅमिकॉमवर मागच्या देखाव्याचा तक्ता सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चौकटीपेक्षा लहान जागेत बदलत नाही. चौकटीचं कापड आणि जुन्या गेमचं आकाश, दोन्हींत रंग ठरावीक मापानेच पालटतो.